खुंट
टाउनो दर शनिवारी सौनाच्या वाफेत तीच गोष्ट सांगायचा. "मी पाडत होतो ते झाड आतून कुजकं निघालं, भलतीकडे कलंडलं. आमच्या ओइवाचा पाय चिरडला. पाठीवर घालून आणला त्याला." लोक त्याची पाठ थोपटायचे, ओइवाचे डोळे भरून यायचे. त्या जागी जाऊ असं ओइवा म्हणाला की टाउनो टाळायचा. "दलदल आहे लेका तिथं." यंदा ब्लूबेरी वेचताना ओइवा कुबड्या टेकत एकटाच त्या झाडाच्या खुंटापाशी पोचला. लाकूड खणखणीत होतं. झाड पाडताना यांत्रिक करवत पडायच्या बाजूला केलेल्या खाचेच्या अंगठाभर अलीकडे थांबवायची. ती न कापलेली पट्टीच बिजागरीसारखी झाडाला हवं तिकडे निजवते, हे टाउनोनेच शिकवलेलं. इथं पट्टी नव्हतीच. करवत आरपार गेली होती. टाउनो धापा टाकत आला. "चल, कॉफी गार होतेय." ओइवाने खुंटावर कुबडी आपटली. "बस इथं. आता सांग ती गोष्ट."