शेवटचा बोल्ट

"एकही थेंब पडता कामा नये," पिकअपचा मालक तिसऱ्यांदा म्हणाला. त्याच्या दारातच गाडीखाली आडवा झालेला मेकॅनिक ऑइल पॅनचं चिरलेलं गॅस्केट खरवडून, नवं बसवून आता एकेक बोल्ट कसत होता.

"दोन वर्षं गळतेय, तेव्हा हूं की चूं केलं नाहीत. आताच कसली घाई?"

"उद्या हिला घेऊन लांब जायचंय."

"मग बरं झालं. नाहीतर तुमची गाडी कुठेकुठे जाऊन आली, ते रस्त्यावरचे थेंब बघून कुणीही सांगतं."

"म्हणूनच," मालक म्हणाला. तो हसला नाही. आत फोन वाजला तसा उठून गेला.

मेकॅनिकला गाडीखालून आधी दोन अनवाणी पावलं दिसली. मग मालकाची बायको खाली वाकली. पाण्याचा ग्लास पुढे सरकवत ती हळूच म्हणाली, "दादा, शेवटचा बोल्ट ढिलाच ठेवा."

"अहो वहिनी, रस्ताभर ऑइल गळत जाईल."

"गळू दे. परवा माझा भाऊ मला शोधायला निघेल."