ढब्बूचं वजन

जनावरांच्या डॉक्टरांनी ढब्बूला छोट्या काट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि चष्मा कपाळावर सरकवला. हिरवागार झाडबेडूक थाळीत ऐसपैस बसला होता. डोळ्यांवर चरबीच्या घड्या उतरल्या होत्या.

"याला खायला कोण घालतं?"

"मी," दोघी एकदमच म्हणाल्या.

ढब्बू ज्या पोरीचा, तिची आई टेबलाच्या या बाजूला होती, त्या बाजूला पोरीच्या वडिलांची दुसरी बायको. सोमवार ते गुरुवार पोरगी आईकडे राहायची, पुढचे तीन दिवस वडिलांकडे. आणि तिच्याबरोबर ढब्बूचीही वरात, जाळीच्या झाकणाच्या पेटीतून. आई कपडे शिवायची. त्या बाईच्या बाहीची शिवण उसवलेली तिने आल्या आल्या हेरली होती आणि तेवढंच तिला बरं वाटलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, काय घालता? आई म्हणाली, रातकिडे. आणखी? मग तिला सांगावंच लागलं, की रोज संध्याकाळी चिमट्याने दोन पांढऱ्या अळ्या. डॉक्टर म्हणाले, त्या अळ्या म्हणजे नुसतं लोणी. एवढ्या वाढलेल्या बेडकाला आठवड्यातून दोनदा रातकिडे पुष्कळ झाले.

अळ्या काही आईने हौसेने आणल्या नव्हत्या. तिकडच्या बाईला पोरगी माऊ म्हणायची. ढब्बू माऊच्या हातावर बसून खातो, असं पोरगी एकदा जेवताना सहज बोलून गेली. तेव्हापासून आई त्या बेडकाला लाडीगोडी लावत होती.

"मीही रोजच घालते," ती बाई खाली मान घालून म्हणाली. "ताई, खरं सांगू? तुमच्याकडे तो हातावर येऊन खातो, असं ही सांगते. माझ्या तर जवळही फिरकत नाही."

आईने पोरीकडे पाहिलं. पोरगी भिंतीवरच्या तक्त्यातल्या कुत्र्यांच्या जाती मन लावून वाचत होती.

डॉक्टरांनी ठरवून दिलं: आठवड्यातून एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे, अळ्या बंद. दोघींनी माना डोलावल्या. आईला जरा हलकं वाटलं. मग तिच्या मनात आलं, आपल्या वाट्याला बुधवार, तिच्या वाट्याला रविवार. रविवारी पोरीला शाळा नसते.

त्या दिवशी शुक्रवार होता, पेटी तिकडे जायची होती. बाहेर पडताच त्या बाईने पेटीला हात घातला. आईने सोडली नाही. रस्ता ओलांडेपर्यंत धरते म्हणाली. ती बाई म्हणाली, कशाला, मी आहे ना. दोघींनी दोन्ही हातांनी पेटी धरली. आत ढब्बू या कडेचा त्या कडेला घसरला.

पोरगी फुटपाथच्या टोकाशी थांबली होती. सवयीने तिने एक हात धरायला पुढे केला. मग दुसरा.

"सोडा ना, ताई."

"तुम्ही सोडा."

पोरीने दोन्ही हात खिशात घातले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहिलं आणि एकटीच पलीकडे गेली.