पात्रता तपासा

“ते नाही, खालचं बटण,” शुलामिथ म्हणाली. “वरचं ‘अर्ज करा’ म्हणतंय. त्याला हात लावायचा नाही. आधी ‘पात्रता तपासा’.”

सॅमने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि फोनकडे पाहिलं. “दोन्हीकडे माहिती तीच भरायची ना? मग सरळ अर्जच का नाही?”

“सरळ अर्ज केलास आणि बँक नाही म्हणाली, तर तो अर्ज तुझ्या नोंदीत राहतो. पुढची बँक तो बघते. नुसतं विचारलं तर मागे काही राहत नाही. दहा वेळा विचार, काही बिघडत नाही.”

हे ती आज तिसऱ्यांदा सांगत होती, आणि पहिल्यांदा सांगितलं होतं त्याच आवाजात. एकतीस वर्षं तिने पहिलीचा वर्ग शिकवला होता.

“पण मला वेगळं क्रेडिट कार्ड हवंय कशाला? आहे की एक.”

“ते माझ्या कार्डाला जोडलेलं आहे, सॅम. माझं बंद झालं की तुझंही बंद.”

खारघरच्या डॉक्टरांनी तिला तीन महिने सांगितले होते. त्यातला एक संपला होता. त्या महिन्यात शुलामिथने नवऱ्याला विजेचं बिल शिकवलं, गॅसचा नंबर लावणं शिकवलं, वॉशिंग मशीन शिकवलं, डाळ शिजली का ते कसं बघायचं तेही शिकवलं. आता कार्ड तेवढं राहिलं होतं.

“मोरान भरेल की सगळं तिकडून,” तो म्हणाला.

“लेकीने तिकडे परदेशात, अश्दोदला बसून पनवेलचा गॅस भरायचा? हं, जन्मतारीख टाक.”

त्याने तारीख टाकली. पडद्यावर लाल अक्षरं आली.

शुलामिथने वाकून पाहिलं. “सॅम, हा माझा वाढदिवस आहे.”

“तोच लक्षात राहतो.”

“अडतीस वर्षं विसरलास आणि आज बरा आठवला!”

तिने पुन्हा पहिलं पान उघडून दिलं. या खेपेला सगळं नीट चाललं, पण ओटीपी आला तेव्हा सॅम मनुका भिजल्या का ते बघायला स्वयंपाकघरात गेला. शुक्रवार होता, संध्याकाळी ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, शब्बाथच्या प्रार्थनेला मनुकांचं शरबत लागायचं. तो परत आला तोवर ओटीपीची मुदत संपली होती. पुढच्या खेपेला पॅन नंबरातलं एक अक्षर गळलं. मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन समोरच्या इमारतीच्या टाकीवर चढलं होतं.

“दिवस बुडायला आला. एकदा शब्बाथ लागला की व्यवहाराला हात लावता येत नाही. राहू दे आज.”

शुलामिथ त्याच्याकडे बघत राहिली. दर शुक्रवारी त्याला आंघोळीला उठवायला तिला चार हाका माराव्या लागत. आज दुपारपासून तो घड्याळ बघत होता.

“वर्गात असा एक असायचाच,” ती म्हणाली. “सगळं येत असतं, पण घंटा होईपर्यंत पेन्सिलीला टोक करत बसतो.”

सॅमने मान खाली घातली.

“अजून अर्धा तास आहे. मी आत जाते. तू एकट्याने कर.”

“आणि अडलं तर?”

“मी नाही असं समज.”

ती भिंतीचा आधार घेत आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

सॅमने फोन हातात घेतला. नाव टाकलं. जन्मतारीख टाकली, स्वतःची. पोर्टातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. उत्पन्नाच्या जागी त्याने पेन्शन लिहिली. ओटीपी आला, तो भरला. एकदाही चुकलं नाही. मग एका रकान्यापाशी बोट थांबलं.

“शुला,” त्याने हाक मारली, “वैवाहिक स्थिती विचारतायत.”

आतून उत्तर आलं नाही.

यादीत तीन शब्द होते: अविवाहित, विवाहित, विधुर. तो बंद दाराकडे बघत राहिला. मग त्याने ‘विवाहित’वर बोट टेकवलं आणि पुढे गेला.

पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. मग हिरवी खूण आली. ‘अभिनंदन. आपण या कार्डासाठी पात्र आहात.’

सॅमने ते दोनदा वाचलं. फोन बंद केला आणि खिशात टाकला.

“झालं का?” आतून आवाज आला.

“झालं. नाही म्हणाले.”

दार उघडलं. शुलामिथने फोनसाठी हात पुढे केला. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि हात मागे घेतला.

“कारण काय दिलं?”

“कारण देत नाहीत. माझंच कुठेतरी चुकलं असणार. पुन्हा शिकवावं लागेल तुला.”

“उद्या शब्बाथ.”

“मग रविवारी.”

ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

“रविवारी परत पहिल्यापासून,” ती म्हणाली. “घाई नाही.”