कृपया हात लावू नये

"ओ आजोबा, हात काढा! अजून उद्घाटन व्हायचंय!"

वॉचमनची शिट्टी ऐकून म्हाताऱ्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "मग वर काय उडत जाऊ?" वॉचमनकडे शिट्टी होती. ती त्यानं परत वाजवली.

दवाखान्याच्या उंच पायऱ्या, त्यांच्या कडेनं चकचकीत स्टीलचा कठडा आणि त्यावर वरपासून खालपर्यंत गुंडाळलेली जांभळी साटीन. मध्यावर पाटी : 'कृपया हात लावू नये.' कठड्याचं नाव 'स्नेहाधार'. समितीच्या कितीतरी बैठका या नावावरच खर्ची पडल्या होत्या.

मुलगी खाली पहिल्या रांगेत बसली होती. कठडा ही तिच्या आईची सूचना. वृद्धांच्या सोयी सुधारायला नेमलेल्या समितीत वृद्ध अशी आईच एकटी. बाकीच्यांनी ॲप सुचवलं, बोधचिन्ह सुचवलं. आई म्हणाली, "पायऱ्यांना धरायला काहीतरी लावा हो." मग तज्ज्ञ आले, पायऱ्या न्याहाळून गेले आणि म्हाताऱ्या माणसांना चढताना त्रास होतो, असा शोध लावून मोकळे झाले. खोटं कशाला बोला, कठडा लागलाही झटपट. फक्त पाहुण्यांची तारीख मिळेना. उन्हाळा सरला, थंडी आली नि गेली. साटीन विटली की नवी गुंडाळली जायची. तेवढी देखभाल मात्र वेळच्या वेळी व्हायची.

आणि आई म्हणजे लिहिलेलं पाळणारी बाई. रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला थांबायची. "अगं, कुणीसुद्धा नाहीये," मुलगी वैतागायची. "दिवा आहे ना," आई म्हणायची.

ती गेली तेव्हा समितीच्या कार्यालयातून शोकसंदेश आला. त्यात 'वृद्धापकाळाने' असं छापलं होतं. मुलीनं ते दुरुस्त केलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. आज तरी दुरुस्त करावं की तसंच राहू द्यावं, एवढंच तिला ठरवायचं होतं.

समितीचे साहेब वाकून तिच्या कानाशी आले. "ताई, पाहुणे पोचलेच. आईंबद्दल चार शब्द बोला. जरा गोड बोला, प्रसंग आनंदाचा आहे."

"काय बोलू?"

"हेच, की आज त्या असत्या तर वगैरे. आणि मध्येच शब्द फुटेनासे झाले तरी काही हरकत नाही. फोटोत ते चांगलंच दिसतं."

पाहुणे आले. तेही पिकलं पानच. दोन्ही दंडांना दोन माणसं धरून होती. त्यांचा स्नेहाधार सोबत चालत होता. त्यांना अलगद वर चढवून फितीपाशी उभं करण्यात आलं. हातात कात्री दिली आणि 'आधी भाषण' म्हणून काढून घेतली.

मुलीच्या हाती माइक आला. पहिल्या पायरीशी तो म्हातारा अजून उभा होता, आपलाच एक हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून. पुन्हा चुकून काही व्हायला नको. ती त्याच्याकडे बघत राहिली. घरून ठरवून आणलेली गोड वाक्यं तिथंच विरली.

"आई फार शिस्तीची होती," ती म्हणाली. साहेबांनी मान डोलावली. "हा कठडा लागला तेव्हा तिला कोण आनंद झाला! दर आठवड्याला बीपी तपासायला यायची, तेव्हा याच्याकडे कौतुकानं बघत बघत चढायची."

टाळ्या पडल्या.

"मागच्या महिन्यात याच पायऱ्यांवर तिचा तोल गेला. कठडा अगदी हाताशी होता. मी खालून बघत होते."

टाळ्या थांबल्या. साहेब माइकसाठी पुढे झाले, पण दोन पायऱ्या दूर होते.

"तेव्हासुद्धा तिनं त्याला हात लावला नाही."