दहा अंकांची ओळ

"आधी शेवटची ओळच पाहा," नंदकिशोर सर म्हणाले. "दहा अंक. नुसते दहा अंक!"

घाटंजीच्या वाचनालयात त्या रविवारी पंचवीस माणसं जमली होती. सरांनी चष्मा सारखा केला आणि ती पोस्ट पुन्हा एकदा सावकाश वाचली.

"घरून गेली, वापस आली नाई. डोकं पांढरं. एक कान फाटका. अंधाराले भेते. कोणाले दिसली तं फोन करा." खाली मोबाइल नंबर.

सरांची जुनी विद्यार्थिनी गुंजन. तिनं कुठल्याशा खेड्याच्या ग्रुपवरून हे एवढे शब्द उतरवून घेतले आणि आपल्या फेसबुकवर टाकले. वर लिहिलं, 'याला म्हणतात कविता! कवी : श्रावण.' तीन दिवसांत चारशे लाइक. त्याच संध्याकाळी सरांनीही आपली 'सांध्यरंग' ही कविता टाकली होती. तिला नऊ. त्यातला एक त्यांच्या पत्नीचा, रत्नप्रभाबाईंचा, तोही मागून घेतलेला. ही तर हरवलेल्या शेळीची सूचना, हे सरांनी पहिल्या वाचनातच ठरवून टाकलं होतं.

तीस वर्षं वृत्तात लिहिलं, पदरमोड करून दोन संग्रह काढले, आणि शेळी हरवलेल्या माणसाला चारशे! सरांना घास गोड लागेना.

"फोन करून विचारा न त्याले, काय हरवलं तं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या होत्या.

"समीक्षक कवीला फोन करत नसतो."

मग त्यांनी ही समीक्षा लिहिली. पोट धरून हसायला लावणारी, पण चेहरा सुतकी ठेवून वाचायची.

"पहिल्या वाक्यात कर्ताच नाही," सर वाचू लागले. "कोण गेली? शांती? माणुसकी? कवी सांगत नाही. फाटका कान हा तर बहिऱ्या समाजावरचा घाव. आणि 'अंधाराले भेते' इथे शेळी थेट अस्तित्वाच्या प्रश्नाला शिंग लावते."

सर हशासाठी थांबले. कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या शकुबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

"सर, काय उलगडून दाखवली तुम्ही!" गुंजन म्हणाली आणि तिथल्या तिथे तिनं समीक्षाही फेसबुकवर टाकली. रात्रीपर्यंत कविता दोन हजारांवर गेली.

सोमवारी यवतमाळहून कविसंमेलनवाल्यांचा फोन आला. या फोनची सर वीस वर्षं वाट पाहत होते.

"सर, श्रावणजींचा पत्ता मिळेल का?"

सरांनी फोन ठेवला. रत्नप्रभाबाईंनी चहा आणला, तो तसाच निवला.

मंगळवारी त्यांनी गुंजनकडून गावाचं नाव काढलं आणि स्कूटरला किक मारली. खिशात टाइप केलेला कागद होता : 'सदर मजकूर ही कविता नसून हरवलेल्या शेळीची सूचना आहे.' खाली श्रावणची सही घ्यायची, कागदाचा फोटो काढायचा आणि फेसबुकवर टाकायचा. मग पाहू, कोण कवी ते.

श्रावणचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात चार शेळ्या बांधलेल्या. त्यातल्या एकीचं डोकं पांढरंशुभ्र. सरांना इतका आनंद झाला, की ते स्कूटर स्टँडवर लावायचंही विसरले. ती आडवी झाली.

"सापडली म्हणायची!" ते दारातूनच ओरडले.

आतून एक माणूस अनवाणीच धावत आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"सापडली? कुठी हाय? जित्ती हाय न?"

"ही काय," सर हसत शेळीकडे बोट दाखवून म्हणाले. "डोकं पांढरं."

श्रावणनं शेळीकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं.

"सर," तो म्हणाला, "थ्या लिवल्याच्या वर मायचा फोटो व्हता."