न चावणारे डास

डबीचं झाकण टक् करून सरकलं आणि शांत स्वयंपाकघरात बारीक गुणगुण सुरू झाली. वनिताने जुईचा हात डबीच्या जाळीवर टेकवला. दर सोमवारी शाळेआधी घरोघरी हेच चालायचं. वनिताच्या प्रयोगशाळेत घडवलेले हे डास मलेरिया पसरवत नव्हते. कुणाच्या अंगात तो असला, तर नुसत्या वासाने ओळखून त्या माणसाला तोंड लावत नव्हते.

एकही डास जाळीपाशी आला नाही.

"झोपलेत लेकाचे," नामदेव चहा गाळता गाळता बायकोला म्हणाला. "सरकारी ना! अकराशिवाय कामाला लागायचे नाहीत."

वनिता हसली नाही. तिने आपला हात लावून पाहिला. सगळे डास येऊन चिकटले.

मग तिने जुईचा हात साबणाने धुतला, पदराने टिपला, आपल्या तळव्यांत धरून गरम केला आणि पुन्हा जाळीवर ठेवला.

"चावा रे," ती पुटपुटली. "एकदाच चावा माझ्या बाळाला."

डास मागे सरकून तळाशी बसले.

गल्लीत तपासणीची गाडी येऊन थांबली. या तापाला आता औषधं लागू पडत नव्हती. डास ज्यांना चावले नाहीत त्या मुलांना गाडी एकटंच घेऊन जायची, आणि त्यातली सगळी घरी परतत नसत. नामदेवने हातातलं गाळणं खाली ठेवलं.

जुईने जाळीतून आत डोकावून पाहिलं.

"आई, हे तुझेच डास ना? मग तुझं का नाही ऐकत?"