चाळीस सेकंद

व्हॉल्व्हचं झाकण उचलून तिने आत बोट फिरवलं, तर बोटाला काहीतरी चिकटून आलं. तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं. शेवाळ. केसाएवढं, हिरवंगार, अजून ओलसर.

शेडमध्ये शेवाळ यायचं काही कारण नव्हतं. पाणबुडी अजून पाण्यात उतरलीच नव्हती. ती उतरणार होती परवा, रविवारी, जुन्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यात. पुढच्या सीटवर बाबा आणि मागच्या सीटवर ती, हे सात वर्षांपूर्वी पत्र्याचा पहिला तुकडा कापला तेव्हाच ठरलं होतं.

बाहेरून सगळं लख्ख होतं. बाबांनी पाणबुडी धुऊन-पुसून जागच्या जागी ठेवली होती, ट्रेलरच्या चाकांसकट. पण हा व्हॉल्व्ह टाकीच्या अगदी माथ्यावर होता. तो उघडला की टाकीतली हवा बाहेर जाते, खालून पाणी चढतं, आणि पाणी माथ्याला टेकलं म्हणजे पाणबुडी पुरती बुडालेली असते. शेवाळ इथवर आलं, म्हणजे ती नुसती तरंगून आली नव्हती. खाली जाऊन आली होती. हे ओळखणारं माणूस जगात एकच होतं. आणि बाबा नेमकं तिलाच विसरले होते.

“बाबा, पाणबुडी पाण्यात गेली होती?”

टेबलाशी चाललेला कानशीचा आवाज थांबला. लेथवर उभा जन्म काढलेला माणूस. खोटं बोलायच्या आधी त्यांचे हात थांबतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

“सोमवारी. तू कारखान्यात होतीस ना, तेव्हा,” बाबा म्हणाले. “म्हटलं, आधी एकट्यानेच बघून यावं. तुझ्या जिवाशी खेळ नको.”

तिला राग आला, पण काळजीपोटी केलेल्या गोष्टीवर रागावणार तरी किती? ती व्हॉल्व्हचं रबर पुसायला लागली. आणि मग तिचेही हात थांबले.

“एकट्याने? मग दांडा कोणी दाबला?”

बाबा पुन्हा कानस घासू लागले.

त्या दांड्यावरून दोघं दोन महिने भांडली होती. बाबांना साधा नळ हवा होता. एकदा फिरवला की उघडला. ती म्हणाली होती, घाबरलेला माणूस नळ बंद करायला विसरतो. आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला तर टाकीत कितीही हवा सोडा, ती वरून निसटून जाणार आणि पाणबुडी कधीच वर येणार नाही. म्हणून तिने जबर स्प्रिंग घातली. चाळीस सेकंद दांडा दाबून धरायचा, हात सुटला की व्हॉल्व्ह आपोआप बंद. दांड्याला जागा मिळाली ती मागच्या सीटशेजारी. पुढच्या सीटवरून तिथे हात पोचत नाही.

“म्हणजे तुझ्याशिवाय मी बुडणारच नाही म्हण की!” बाबा तेव्हा म्हणाले होते, आणि दोघं पोट धरधरून हसली होती.

ती पाणबुडीवर चढली आणि वरच्या तोंडातून आत उतरली. मागची सीट पार शेवटच्या भोकापर्यंत सरकवलेली होती. ती स्वतः बुटकी. तिने सीट दुसऱ्या भोकात बसवली होती. एवढे लांब पाय घरात एकाचेच. धाकट्या भावाचे. परदेशातून सुट्टीवर आलेला धाकटा, ज्याने सात वर्षांत इथला एक नट आवळला नव्हता आणि दर फोनवर ‘बाबांचं पिंप काय म्हणतंय?’ म्हणून दात काढले होते. परवाच तो परत गेला. निघताना तिच्या गळ्यात पडून म्हणाला होता, “रविवारी जपून हं, ताई.”

तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता तिला त्या पाण्याचीही लाज वाटली.

बाबा वरून आत वाकले.

“मीच त्याला म्हटलं, ताईला सांगू नकोस. आठवडाभर राहून गेला बिचारा. पुन्हा कधी येतो कुणास ठाऊक.” मग त्यांचा चेहरा खुलला. “आणि तुझा व्हॉल्व्ह! अगं, पहिल्यांदा घाबरून मध्येच त्याचा हात सुटला. पण काय खट्कन बंद झाला! तू म्हणाली होतीस अगदी तस्सा.”

“आणि मी, बाबा?”

“तू काय, तू तर इथेच असतेस.”

ते इतकं सहज म्हणाले की त्यांचं त्यांनाही ते ऐकू आलं नसावं.

“रविवारी जातोच आहोत की आपण,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच जातोय असं समजायचं.”

तिने सीट पुढे ओढली. दुसऱ्या भोकात खीळ घातली. मग दांड्यावर सगळा भार टाकला. वर व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला. ती मनात आकडे मोजत राहिली. पाणी नव्हतं, काही नव्हतं. बाबा वर कौतुकाने बघत उभे होते. चाळीस झाले तशी तिने हात सोडला.

खट्.

“चांगला झालाय व्हॉल्व्ह,” ती म्हणाली आणि वर येऊन हात पुसू लागली. “आता तो दांडा पुढे बसवून घ्या, बाबा. तुमच्या हाताशी.”